गाईंना सोमवार कळत नाही

मी तार्वो. तार्तूच्या आसपास चाळीस किलोमीटरपर्यंत
दूध काढणारी यंत्रं दुरुस्त करतो.
व्हॅनमध्ये पान्यांच्या पेटीशेजारी
जुन्या विज्ञानकथांचा खोका असतो :
पिवळी पानं, सुटलेला डिंक,
आणि दर तिसऱ्या कथेत यंत्रांचं बंड.

तीस वर्षं वाचतोय. बंड काही दिसलं नाही.

दिसलं ते असं :
जानेवारीतला शुक्रवार, उणे एकोणीस,
लेइदाच्या गोठ्यात रात्री साडेनऊला
यंत्राचा हात हवेतच थबकला
आणि पडद्यावर चार शब्द उमटले —
परवाना संपला. विक्रेत्याशी बोला.

विक्रेत्याच्या फोनवर आधी बासरी वाजली,
मग एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली,
सोमवारी.

गाईंना सोमवार कळत नाही.
कास दगडासारखी होते. त्या पाय आपटतात,
मान वळवून बघतात, आणि आपणच काहीतरी केलंय
असं वाटायला लागतं.

मी झाकण उघडलं. मोटर ठीक. पंप ठीक.
सडांना लावायचे पेले स्वच्छ, कोमट.
दुखणं कुठे, तर एका फाइलीत,
आणि ती वाचायची मला मुभा नाही.
बावीस वर्षं हात काळे केलेत या धंद्यात!

तर कथाकारांनो,
यंत्र बंडखोर नसतं हो.
इतकं आज्ञाधारक असतं की अंगावर काटा यावा.
लेइदाने हप्ते फेडले. गोठा तिचा, वीज तिची, शेण तिचं,
आणि दाव्याचं टोक
तिसऱ्याच देशातल्या एका काचेच्या इमारतीत बांधलेलं.

एकसष्ट वर्षांच्या बाईने बाह्या वर केल्या.
शेजारचा काल्यू आला, त्याची सून आली,
मीही बादली घेऊन बसलो
(इतकी वर्षं झाली, पण धार काढता येत नव्हती,
इथेच कबूल करतो).
चौतीस गाई. पहाटेचे चार.
लेइदाला हे तिच्या आईने शिकवलं, आईला आजीने,
मध्ये कुणी कुणाकडे किल्ली मागितली नाही —
असं काही ती बोलली नाही.
ती म्हणाली, "अंगठा आत घेऊ नकोस, गाढवा."

तेव्हापासून रात्री एक प्रोग्रॅम लिहितोय. अजून लंगडा आहे.
पोर्तो अलेग्रीची जुसारा त्यातल्या चुका काढते.
काउनासचा एक पोरगा, बहुतेक शाळेतलाच,
रात्री दोनला माझ्या अठ्ठावीस ओळी खोडून सहा लिहितो,
आणि त्या चालतात.
राग येतो. मग चहा.
मग त्या सहा ठेवून घेतो.

काल्यू विचारतो, फुकट कशाला वाटतोस?
काल्यू, फुकट म्हणजे कुणी दूध दिलं.
खुलं म्हणजे अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं.
आता खुलं ते सगळं चांगलंच, असंही नाही.
सगळ्यांसाठी खुला, आणि कुणालाच वाचवेना,
असला कोड मी पोत्याने पाहिलाय.
त्यातला थोडा माझाच.

मार्चमध्ये लेइदाने खोक्यातलं एक पुस्तक नेलं,
शनीच्या कड्यांवर वसलेल्या शहराचं.
आठवड्याने परत दिलं, खुणेला गवताची काडी.
"बरं आहे," म्हणाली. "पण पान एकशे बारावर
ही माणसं कॉफीत दूध घालतात. गाई कुठायत?"

मी हसलो. मग घरी येऊन सगळा खोका उपसला.
अकरा ग्रह, सातशे वर्षं,
एक गाय नाही.
दूध येतं, नेमाने येतं, भिंतीतून.
भिंतीमागे कोण बसलंय
आणि त्याचा परवाना कुठल्या शुक्रवारी संपतो,
हे कुणीच लिहिलेलं नाही.